लिंबू-संत्र्यात मुरवलेला सॅल्मन

लिंबू, संत्रे, मोसंबी अशा लिंबूवर्गीय फळांचा रस आणि साल, मीठ, तेल व आले-लसूण यांत सॅल्मनच्या तुकड्या थोडा वेळ मुरवून त्या तव्यावर, ओव्हनमध्ये किंवा एअरफ्रायरमध्ये शिजवण्याची घरगुती रीत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मासे खाणाऱ्या घरांत सॅल्मन हा नवा पाहुणा आहे, पण मासळीला आंबट लावणे मुळीच नवे नाही. मीठ-हळद चोळायची, वर लिंबू पिळायचे, ताट झाकून ठेवायचे आणि तोवर वाटण-भाताचे बघायचे, ही इथली पिढ्यांची सवय. नेमक्या याच सवयीने सॅल्मन हाताळला की तो बिघडतो. सुरमई किंवा हलव्याची जाड तुकडी तासभर लिंबात राहिली तरी मसाला आणि तळण तिला सांभाळून घेतात. सॅल्मन तेवढा वेळ सोसत नाही. त्यामुळे या रीतीत मसाल्याआधी घड्याळ समजून घ्यावे लागते.

नावाचा घोटाळा

दुकानाच्या पाटीवर किंवा ॲपवर ‘इंडियन सॅल्मन’ लिहिलेले असते तो मासा म्हणजे आपला रावस. रावसाचे शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम. यातल्या ‘टेट्राडॅक्टिलम’चा अर्थ चार बोटांचा, रावसाच्या छातीच्या पराखाली चार सुटे धागे लोंबतात त्यावरून हे नाव पडले. खरा सॅल्मन वेगळ्याच कुळातला, ट्राउटचा भाऊबंद. भारताच्या समुद्रात तो सापडत नाही. इथे मिळणारा बहुतेक सॅल्मन अटलांटिक जातीचा (साल्मो सलार) आणि समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. अशा शेतीत नॉर्वे जगात पहिला आणि चिली दुसरा.

रावस वाईट म्हणून हा फरक सांगायचा नाही. ताजा रावस उत्तमच मासा आहे, आणि बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात किंवा ठाण्यात महागिरी-चेंदणीच्या बाजूला मासळी घेणाऱ्याला तो ओळखता येतोच. पण रावसाचे मांस पांढरट आणि कमी चरबीचे, सॅल्मनचे केशरी आणि तेलकट. एकाची कृती दुसऱ्यावर जशीच्या तशी चालवली की रावस कोरडा होतो किंवा सॅल्मन मेणचट लागतो. इंटरनेटवरची पाककृती वाचून बाजारात जाणाऱ्याने आधी आपल्याला यातला कोणता मासा हवा आहे हे ठरवावे.

मासा

शेतीतल्या अटलांटिक सॅल्मनच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण १३ ग्रॅम चरबी आणि २० ग्रॅम प्रथिने असतात. रानटी सॅल्मनमध्ये चरबी याच्या निम्मीच. मांसावर ज्या पांढऱ्या तिरप्या रेषा दिसतात, त्यांत चरबी आणि संयोजी ऊतीचे पातळ पडदे असतात. शिजताना हे पडदे विरघळतात आणि मांस पाकळी-पाकळीने सुटते. केशरी रंग अस्टाझॅन्थिन या रंगद्रव्याचा. रानटी माशाला तो लहान कोळंबीसारख्या जिवांतून मिळतो, शेतीतल्या माशाला खाद्यातून दिला जातो. कातडीच्या लगेच आत करड्या-तपकिरी मांसाचा एक थर असतो. वास सर्वांत जास्त त्यालाच येतो. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी शिजल्यावर तेवढा थर चमच्याने खरवडून काढावा.

आंबट काय करते

लिंबाच्या रसात सुमारे ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते. ते माशाच्या पृष्ठभागाला लागले की तिथल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटून घट्ट होतात. उष्णतेनेही साधारण हेच घडते, म्हणून लिंबाने मासा ‘शिजला’ असे म्हणतात. पेरू देशातले सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, याच गुणावर उभे आहे. त्याची परंपरा २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

तुकडीकडे नीट पाहिले तर हा बदल डोळ्यांना दिसतो. केशरी, ओलसर, किंचित पारदर्शक तुकडीवर लिंबू पिळले की काही मिनिटांत तिच्या कडा फिक्या पडतात. पंधरा-वीस मिनिटांत वरचा पापुद्रा दुधाळ गुलाबी होतो. तासाभराने बोट टेकवले तर बाहेरून उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखे घट्ट लागते, आत मात्र मांस कच्चेच असते. अशी तुकडी तव्यावर टाकली की बाहेरचा थर दोनदा शिजतो, पाणी सोडतो आणि खाताना खडूसारखा भुरभुरतो. आम्ल आत फार हळू शिरते. रात्रभर ठेवून चव मध्यापर्यंत पोचत नाही, फक्त वरचा थर वाया जातो. आत जायचे काम मीठ करते, सुगंधाचे काम सालीतले तेल करते. रसाने वरच्यावर आंबटपणा द्यावा, एवढेच त्याच्याकडून मागावे.

वासाचे गणितही आम्लाशी जोडलेले आहे. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड असते. मासा मेल्यावर जिवाणू त्यापासून ट्रायमिथिलअमाइन तयार करतात, आणि ज्याला आपण माशाचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. आम्ल मिळाले की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही, म्हणून लिंबू पिळताच वास दबतो. वास दबला म्हणजे मासा ताजा झाला असे मात्र नाही. लिंबू लावण्याआधी मासा हुंगावा. आंबूस किंवा अमोनियासारखा वास आला तर लिंबावर भिस्त न ठेवता तो टाकून द्यावा.

कोणते फळ

घरात हाताशी असते ते कागदी लिंबू. पातळ सालीचे, रसाळ, अतिशय आंबट. एका मध्यम लिंबातून साधारण एक मोठा चमचा रस निघतो, आणि चार तुकड्यांना तेवढा पुरतो. उन्हाळ्यात लिंबू महागते, कारण मोठे पीक पावसाळ्यात येते आणि उन्हाळी लिंबासाठी हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा फुलोरा, मुद्दाम धरावा लागतो. त्या दिवसांत संत्र्यावर भर देऊन अर्धे लिंबू वापरले तरी चालते. ईडलिंबाची जाड साल लोणच्यासाठी ठेवावी असे घरोघरी ठरलेले असते, पण तिचा वरचा पिवळा भाग किसून सॅल्मनला लावला तर कागदी लिंबापेक्षा सौम्य आणि फुलांसारखा सुगंध येतो.

संत्रे या रीतीत खरे कामाचे. त्याच्या रसात आम्ल साधारण १ टक्क्याच्या आसपास, म्हणून ते माशाला दमाने घेते. गोडवा सॅल्मनच्या तेलकटपणाला शोभतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हंगामात वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात त्याच्या पेट्या उतरतात आणि तिथून ठाणे-ऐरोली-नेरुळच्या गाड्यांवर येतात. सुटी साल असल्यामुळे नागपुरी संत्रे किसायला कठीण जाते. फळ सोलण्याआधी अख्खे धरून बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवावे, आणि पांढरा गर दिसू लागला की थांबावे. तो गर कडू असतो.

मोसंबीबद्दल एक सावधगिरी. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. रस निघाल्यावर आम्लाच्या सान्निध्यात लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होते, त्याचा हा परिणाम. म्हणून मोसंबी घ्यायचीच तर ऐन वेळी पिळावी. पपनसाच्या पाकळ्या मुरवायला नकोत. शिजलेल्या माशावर सोलून घालाव्यात.

कोकम आणि चिंच लिंबूवर्गीय नाहीत, तरी त्यांचा विचार मनात येणारच, कारण कोळी आणि आगरी स्वयंपाकात आंबट म्हणजे मुख्यतः तीच. बांगडा-बोंबलाच्या कालवणात त्यांना तोड नाही. सॅल्मनवर मात्र कोकमाचे आगळ काळसर जांभळा रंग चढवते आणि चिंचेचा कोळ तव्यावर लवकर करपतो. आगळ हवेच असेल तर ते बाजूला सोलकढीत असू द्यावे.

प्रमाण आणि वेळ

साधारण १५० ग्रॅमच्या चार तुकड्यांसाठी: एका संत्र्याची किसलेली साल, त्याच संत्र्याचा चार मोठे चमचे रस, एका कागदी लिंबाचा रस, दोन मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा आले-लसणाचे वाटण, एक सपाट छोटा चमचा मीठ, चिमूटभर हळद, भरडलेली काळी मिरी आणि बारीक चिरलेले कोथिंबिरीचे देठ. देठ टाकून देऊ नयेत, पानांपेक्षा त्यांना वास जास्त. हिरवी मिरची चालते. आगरी किंवा कोळी मसाला घालायचा तर अर्ध्या छोट्या चमच्यावर जाऊ नये; तो दमदार मसाला आहे आणि संत्र्याचा सुगंध त्याच्यापुढे उरत नाही.

आधी बोटाने तुकडीच्या मध्यातून उलट-सुलट चाचपून काटे शोधावेत आणि चिमट्याने काट्याच्या कलाने ओढावेत. मग लिंबाचा रस वगळून बाकी सगळे तुकड्यांना लावून फ्रिजमध्ये २० मिनिटे ठेवावे. लिंबू शेवटच्या ५ मिनिटांत घालावे. ही एक छोटी युक्ती पाळली तर बाकी चुका माफ होतात. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमला आंबट लागले की माशाला धातूची चव येते.

शिजताना तुकडीतून जो पांढरा चीक बाहेर येतो ते अल्ब्युमिन, म्हणजे माशाचेच प्रथिन. तो खराब नसतो, पण दिसायला बरा नाही. तो कमी हवा असेल तर मुरवण्याआधी तुकड्या १० मिनिटे मिठाच्या पाण्यात (एक लिटरला ५० ग्रॅम मीठ) ठेवाव्यात, आणि मग मसाल्यातले मीठ निम्मे करावे.

शिजवणे

ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये ओव्हन असतोच असे नाही, तवा मात्र असतो. बिडाचा किंवा नॉनस्टिक तवा मध्यम आचेवर नीट तापवावा. तुकडी मुरलेल्या रसातून काढून, विशेषतः कातडीची बाजू, कागदी रुमालाने कोरडी टिपावी. ओली तुकडी तव्यावर भाजत नाही, वाफते. आणि तिला चिकटलेली संत्र्याची साखर आधी काळी पडते. कातडी खाली करून ठेवावी, सुरुवातीची काही सेकंद उलथन्याने हलके दाबून धरावी, कारण कातडी आकसून वाटीसारखी होते. नंतर हात लावू नये.

आता तुकडीच्या कडेला पाहावे. खालून फिकट गुलाबी पट्टा वर चढू लागतो. वरचा भाग अजून गडद केशरी आणि कच्चा असतो, दोन्हींच्या मध्ये एक स्पष्ट रेघ दिसते. ही रेघ दोन-तृतीयांश उंचीवर आली की उलटावे. एक इंच जाडीच्या तुकडीला इथपर्यंत साधारण ५ ते ६ मिनिटे लागतात. कातडी तव्याला धरून बसली असेल तर ओढू नये. ती भाजून झाली की आपणहून सुटते. दुसरी बाजू मिनिट-दीड मिनिट पुरे. तव्यावरून काढल्यावरही आतली उष्णता थोडी वाढत राहते, म्हणून दोन मिनिटे ताटात राहू द्यावे. आतले तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअस असताना मांस सर्वांत रसाळ लागते. अमेरिकी सरकारी शिफारस ६३ अंशांची आहे. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस जेवणार असेल तर तीच पाळावी.

ओव्हन किंवा एअरफ्रायरमध्ये २०० अंशांना ८ ते १० मिनिटे. रवा किंवा तांदळाचे पीठ लावण्याची आपली सवय इथे सोडावी लागते. माशाच्या अंगातच एवढे तेल असते की पिठाचा थर भिजून जड होतो.

उरलेला मुरवणीचा रस कच्च्या माशाला लागलेला असतो. तो तसाच वर ओतू नये. त्याच तव्यात खळखळून उकळावा, निम्मा आटवावा, चमचाभर लोणी घालावे आणि तुकडीच्या बाजूने सोडावा. यासोबत मऊ भात चांगला लागतो. पोळीपेक्षा तांदळाची भाकरी जास्त जुळते.

सुरक्षितता

लिंबाच्या रसाने मासा पांढरा दिसला तरी त्यातले परजीवी मरत नाहीत. अनिसाकिससारख्या कृमींच्या अळ्या आम्लात तग धरतात. त्या मारायला पुरेशी उष्णता लागते किंवा उणे २० अंशांवर सात दिवसांचे गोठवणे लागते. घरच्या फ्रीझरचे तापमान त्याचे दार सतत उघडल्याने स्थिर राहत नाही, म्हणून कच्चा सॅल्मन लिंबात ठेवून खाण्याचा प्रयोग घरी करू नये.

गोठवलेला सॅल्मन आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवावा. ओट्यावर नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत तर अजिबात नाही. पिशवी हवाबंद असेल तर वितळवण्याआधी ती उघडावी किंवा कापावी. हवा नसलेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो, आणि त्याचा एक प्रकार फ्रिजच्या थंडीतही वाढतो. पाकिटावर हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

स्थानिक मासे

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. १ जूनपासून पुढचे दोन महिने कोळीवाड्यांतली आवक रोडावते, त्या काळात गोठवलेला सॅल्मन अनेक घरांत येतो. एरवी याच रीतीने रावस करायचा असेल तर तेल दुप्पट घ्यावे, लिंबू आणखी कमी करावे आणि तुकडी झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावी. पनवेल-उरणकडच्या आगरी घरांत मानाचा समजला जाणारा जिताडा जाड तुकड्यांचा असल्यामुळे संत्र्याच्या सालीला चांगली साथ देतो. त्याला २० ऐवजी ३० मिनिटे द्यावीत. पापलेट या रीतीत घालू नये. ते २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, त्याचे मांस नाजूक आहे, आणि त्याला जेवायला बसल्यावर वरून पिळलेली लिंबाची एक फोड पुरते.