खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराचा मेंदू काय करत असतो?

वर्गात खिडकीबाहेर बघत बसलं की "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून ओरडा बसतो आणि पोराला वाटायला लागतं की आपणच ढ, हे मला मनापासून चुकीचं वाटतं, कारण त्या वेळी त्याचा मेंदू बंद पडलेला नसतोच.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के पण एनर्जी खातो 20 टक्के, आणि अवघड काम हातात घेतलं तरी या खर्चात साधारण 5 टक्क्यांपेक्षा जास्त भर पडत नाही. म्हणजे निवांत बसल्यावरही आत कामं चालूच असतात. 2001 साली मार्कस राइकल या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की मेंदूतले काही भाग आपण कामात असलो की मंदावतात आणि नुसतं बसलो की जोरात सुरू होतात. या भागांच्या जाळ्यालाच डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. जुन्या आठवणी, पुढचे बेत, समोरच्याच्या मनात काय असेल, हे सगळं तिथे घोळत असतं.

2017 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी 100 पेक्षा जास्त लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून 5 मिनिटं एकाच ठिपक्याकडे बघायला लावलं. रोजच्या आयुष्यात जे जास्त दिवास्वप्नं बघतात ते बुद्धीच्या आणि क्रिएटिव्हिटीच्या टेस्टमध्ये पुढे निघाले. आता यावरून स्वप्नं बघितल्यामुळेच हुशारी येते असं नाही म्हणता येत, कदाचित मेंदूकडे जास्तीची ताकद शिल्लक राहते म्हणून तो भटकत असेल.

सगळंच भटकणं चांगलं असंही नाही. जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं, त्यांनी तीन प्रकार वेगळे केले: मजेत कल्पना रंगवणं, अपराधी वाटून तेच तेच उगाळत बसणं, आणि लक्षच न टिकणं. कामाचा आहे तो पहिला. 2010 च्या हार्वर्डच्या अभ्यासात लोकांचं मन जवळपास 47 टक्के वेळ भलतीकडेच असल्याचं दिसलं आणि तेव्हा ते कमी खूश होते, पण छान गोष्टींचा विचार चालू असेल तर तसं नव्हतं.

आणि 2019 मध्ये एका अभ्यासात लेखक आणि भौतिकशास्त्रज्ञांना रोज विचारलं की आजची सगळ्यात भारी कल्पना कधी सुचली, तर साधारण पाचातली एक कल्पना काम सोडून मन दुसरीकडेच असताना सुचलेली, आणि कुठेतरी अडकून पडलेला प्रश्न सुटण्याचं प्रमाण याच कल्पनांमध्ये जास्त होतं.