सोलापूरचा हापसा, युगांडाचं पाणी

युगांडातल्या खेड्यात पाण्याची रांग म्हणजे पिवळ्या डब्यांची रांग. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, भरल्यावर वीस किलो. तो उचलून नेणाऱ्या बहुतेक वेळा बायका आणि शाळकरी पोरं. रांगेच्या टोकाला सिमेंटच्या ओट्यावर जे यंत्र उभं असतं, ते पाहून मराठवाड्यातला माणूस थबकेल. तीन पायांचं लोखंडी खोड, वर चौकोनी पेटी, लांब भरीव दांडा. हा तर आपल्या गावातला हापसा!

ओळख खरी आहे. १९६०च्या दशकात आपल्याकडे दुष्काळी भागात बोअर खणले गेले आणि त्यांवर बिडाचे पंप बसवले गेले. ते पंप एका घरापुरते बनवलेले होते. अख्खं गाव दिवसभर हापसू लागल्यावर ते पटापट मोडायचे. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या बोअरच्या कामावरच्या माणसांनी आणि नंतर सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश कारागिराने दणकट पोलादी हापसे घडवले. त्यांच्यातल्या कल्पना उचलून युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. तोच पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात त्याचं नाव ‘यू टू’.

या हापशातली खुबी समजून घ्यायला हवी. वरून पाणी ओढायला गेलं तर हवेचा दाब त्याला जेमतेम दहा मीटर चढवतो, व्यवहारात सातच. म्हणून खोल बोअरमध्ये दट्ट्या वर ठेवून चालत नाही. तो खाली, पाण्यात बुडालेल्या नळकांड्यात असतो आणि पाणी खालून वर ढकललं जातं. नळकांड्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलोचा भार येतो. दांड्याच्या तरफेमुळे हाताला तो आठपटीने हलका लागतो, म्हणजे बारा किलोच्या आसपास. दांडा भरीव असतो तोही उगीच नाही, आतल्या सळयांचं वजन तो तोलून धरतो. दांडा आणि सळई यांना जोडणारी साखळी एका कमानीवरून फिरते, त्यामुळे सळई सरळ वरखाली होते. दांडा एकदा वरखाली केला की साधारण चारशे मिलिलिटर पाणी येतं. म्हणजे एका पिवळ्या डब्याला पन्नासदा हापसावं लागतं. दहा वर्षांची मुलगी हे करू शकते, आणि करते.

ते पाणी येतं कुठून? युगांडाचा बराचसा भाग अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस खडकावर वसलेला आहे. कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसाने वरचा खडक झिजून त्याचा मुरूम आणि माती झाली. पाणी या मुरमात मुरतं आणि त्याखालच्या कातळाच्या भेगांत साठतं. बोअर भेगेवर लागला तर लागला, नाहीतर चार हात अंतरावर कोरडा. म्हणून खणण्याआधी जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजतात. ओल्या मुरमात तो कमी, अखंड कातळात कितीतरी जास्त. मिळणारं पाणी भरपूर नसतं. सेकंदाला पाव लिटर लागलं तरी हापशाला ते पुरतं.

आणि हे पाणी बहुधा जंतुमुक्त असतं, कारण मातीच्या थरांतून सावकाश झिरपताना जंतू अडकतात, मरतात. मात्र बोअरचं तोंड सिमेंटने नीट बंद केलेलं हवं, ओटा तडकलेला नको, सांडपाणी दूर वाहून जायला हवं. नाहीतर डबक्यातलं पाणी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या, कडेने थेट खाली उतरतं.

मोठ्या वयाच्या मराठी वाचकांना नारू आठवत असेल. पायातून दोरीसारखा बाहेर येणारा तो जंत. माणूस दुखरा पाय गार पाण्यात बुडवतो, जंत तिथे हजारो अळ्या सोडतो, पाण्यातले सूक्ष्म जलपिसू त्या गिळतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात नवा जंत वाढू लागतो. आपल्या पायऱ्यांच्या विहिरींनी तो पसरवला, युगांडात उघड्या तळ्यांनी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडात त्याचे लाखाहून अधिक रुग्ण होते. गाळून पिण्यासाठी कापड, घरोघर फिरणारे आरोग्यसेवक आणि बोअर, या सगळ्यांनी मिळून साखळी तोडली. बोअरमध्ये कुणाचा पाय पडू शकत नाही, इतकी साधी गोष्ट! तिथला शेवटचा स्थानिक रुग्ण २००३ मधला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

पण ज्या गोष्टीसाठी मला हे लिहावंसं वाटलं, ती वेगळी आहे. अनेक ठिकाणी नव्या हापशाचं पाणी काही महिन्यांतच तांबूस होऊ लागलं. त्यात चहा काळा पडायचा, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडायचे, तोंडाला लोखंडाची चव राहायची. बायका पुन्हा तळ्याकडे वळल्या. बाहेरच्यांनी याला अडाणीपणा म्हटलं, ते मला पटत नाही. डोळ्यांना दिसणारा गंज आणि न दिसणारे जंतू यांतून त्यांनी जे दिसत होतं त्यावर विश्वास ठेवला. चूक यंत्राच्या बाजूला होती.

आपला हापसा दख्खनच्या काळ्या पाषाणावर मोठा झाला. इथलं भूजल बहुधा जड असतं. त्यात विरघळलेला चुना आम्लता वाढू देत नाही, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप इथे बरीच वर्षं टिकतात. ग्रॅनाइटच्या मुलखात चुना कमी. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतं आणि आम्लधर्मीच राहतं. सामू (पीएच, पाणी किती आम्ल आहे याचं माप) ६.५ च्या खाली गेला की ते आधी जस्त खातं, मग लोखंड. विरघळलेलं लोह डब्यात पडताना दिसत नाही. हवा लागली की तासाभरात त्याचा तांबडा गाळ होतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम लोहही डाग पाडायला पुरेसं होतं.

लोह जमिनीतूनच येत असेल का? पश्चिम आफ्रिकेत १९८०च्या दशकात भूजलतज्ज्ञ ओटो लांगेनएगर यांनी हे तपासलं. त्यामागची युक्ती कुणालाही करून पाहता येईल अशी आहे. रात्रभर बंद असलेल्या हापशाचं पहाटेचं पहिलं पाणी बाटलीत घ्या. मग तासदोन तास सलग हापसून पुन्हा घ्या. लोह खडकातलं असेल तर दोन्ही नमुने सारखे निघतील. पाइपातलं असेल तर पहिला लाल आणि दुसरा जवळजवळ स्वच्छ निघेल, कारण ताज्या पाण्याला पाइप खायला वेळच मिळालेला नसतो. कितीतरी हापशांवर पहिलाच नमुना लाल निघाला, आणि गंजणारे भाग बदलल्यावर लोह उतरलं.

गंजलेला पाइप नुसता रंग देत नाही, तो भोकं पडून तुटतो. मग दट्ट्या, सळया आणि पाइप सगळंच बोअरच्या तळाशी जातं. साधा वायसर बदलायचा तरी मार्क टूमध्ये तीन-तीन मीटरचे सगळे पाइप वर काढावे लागतात. त्याला पाचसहा माणसं, पान्हे आणि जाणता मिस्त्री लागतो. २००९ च्या सुमारास जमवलेल्या आकड्यांत सहाराच्या दक्षिणेकडचे ३६ टक्के हापसे बंद होते. सगळे गंजामुळे नव्हेत. सुटे भाग, पैसा, मिस्त्री, काही ना काही कमी पडतच होतं. पुढे मार्क थ्रीचा रुंद पाइप आला, त्यातून दट्ट्या एकटाच वर काढता येतो. पूर्व आफ्रिकेत घडलेल्या ‘आफ्रिदेव’ हापशाने तर लोखंडाऐवजी पीव्हीसीचा पाइप घेतला.

युगांडाच्या सरकारने २०१६ मध्ये हापशांसाठी जस्ताच्या मुलाम्याचे पाइप आणि सळया वापरायला बंदी केली. आता तिथे स्टेनलेस स्टील किंवा प्लॅस्टिक वापरायचं. स्टीलचे पाइप महाग आहेत, आणि आधीच जमिनीत उतरवलेले हजारो जुने पाइप एका हुकुमाने बदलत नाहीत. दुरुस्तीला हापसा उघडला की मिस्त्री एकेक पाइप बाहेर काढतो, ओट्यावर ओळीने ठेवतो आणि आटे अंगठ्याने चाचपून पाहतो. गंजाने आटे खाल्ले असतील तो पाइप पुन्हा खाली उतरवायचा नसतो.