एडना पर्व्हायन्स आणि जाळून टाकलेली निगेटिव्ह

१९१५ ते १९२३ या काळात चॅप्लिनने केलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात एडना पर्व्हायन्स आहे. तीसहून अधिक चित्रपट. तरी तिला नायिका म्हणावं की साहाय्यक नटी, हा घोळ अजून मिटलेला नाही. जाहिरातीत ती नायिका असायची. पडद्यावर मात्र तिच्या पात्राला अनेकदा नावसुद्धा नसे; ती कुणाची तरी मुलगी, नाहीतर नुसतीच ‘मुलगी’. हशा चार्लीचा, मारामारी दाढीमिशीवाल्या खलनायकाशी, आणि या गदारोळात जी स्थिर राहील तीच एडना. माझ्या मते ते साहाय्यक नटीचंच काम होतं आणि ते तिच्याइतकं चोख त्या काळात फार थोड्यांनी केलं.

नेवाडा राज्यात १८९५ साली जन्मलेली ही मुलगी सॅन फ्रान्सिस्कोत लघुलेखिका होती. रंगभूमीचा अनुभव नव्हता, आणि कदाचित म्हणूनच तिच्या अभिनयात नाटकी हातवारे आले नाहीत. ‘द इमिग्रंट’ (१९१७) मधला खानावळीतला प्रसंग पाहा. बोटीवर भेटलेली ती पुन्हा दिसते, चार्ली आनंदाने तिला आपल्या टेबलावर बोलावतो. बोलता बोलता तिच्या हातातला रुमाल दिसतो. रुमालाला काळी किनार आहे, म्हणजे पाश्चात्त्य रिवाजात सुतकाची खूण. तिची आई गेली, हे त्याला आणि आपल्याला तेवढ्यानेच कळतं. त्याचं हसू क्षणभर मावळतं आणि मग पुन्हा वेटर, बिल, हरवलेलं नाणं अशी धमाल सुरू होते. ती किनार एडनाने मुद्दाम दाखवली असती तर प्रसंगच कोसळला असता.

‘द किड’ (१९२१) मध्ये तिला बाळ सोडून देणाऱ्या आईची भूमिका मिळाली, म्हणजे जवळपास स्वतंत्र गंभीर कथानक. पुढचं पाऊल १९२३ च्या ‘अ वुमन ऑफ पॅरिस’चं. तिला स्वतःच्या बळावर उभं करायचं म्हणून चॅप्लिनने हा चित्रपट लिहिला, दिग्दर्शित केला आणि स्वतः रेल्वे हमालाच्या ओझरत्या भूमिकेपलीकडे त्यात दिसला नाही. त्यातला एक प्रसंग अभ्यासक पुन्हा पुन्हा सांगतात. रात्रीच्या स्टेशनवर एडना उभी आहे. गाडी दाखवलेलीच नाही. डब्यांच्या खिडक्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकत जातो आणि थांबतो. समीक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. प्रेक्षकांना चार्ली हवा होता.

त्यात १ जानेवारी १९२४ चा प्रकार घडला. एका तेल व्यावसायिकाच्या घरी दुसऱ्या एका विनोदी नटीच्या मोटारचालकाने यजमानावर गोळी झाडली. यजमान वाचला. एडना तिथे हजर होती, गोळीबाराशी एवढाच तिचा संबंध. पण वृत्तपत्रांनी तिचं नाव सोडलं नाही.

खरा वाद आहे तो यानंतरच्या निर्णयाचा. १९२६ मध्ये चॅप्लिनने तिच्यासाठी आणखी एक चित्रपट काढला, ‘अ वुमन ऑफ द सी’. दिग्दर्शन पुढे ‘द ब्लू एंजल’ या चित्रपटामुळे नावाजलेल्या एका तरुणाकडे सोपवलं. मच्छीमारांच्या वस्तीतली कथा, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं चित्रीकरण. चित्रपट पुरा झाला, पण प्रदर्शित झालाच नाही. जून १९३३ मध्ये साक्षीदारांसमक्ष त्याची निगेटिव्ह जाळण्यात आली आणि साक्षीदारांच्या सह्या घेतल्या गेल्या.

कारण कराचं होतं. चित्रपटावरचा खर्च बुडीत म्हणून वजा करून घ्यायचा तर तो आता कधीही पैसे मिळवणार नाही, हे दाखवावं लागतं, आणि त्याचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे राख. चॅप्लिनचं कर खात्याशी त्याआधीही मोठं भांडण झालेलं होतं, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. न समजण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १९२६ ते १९३३ अशी सात वर्षं चित्रपट पेटीत पडून का राहिला? दिग्दर्शकाने आठवणींत लिहून ठेवलं की एडना तोवर कमालीची बुजरी झाली होती, साधा प्रसंगही तिला अवघड जाई. ज्या मोजक्या लोकांनी तो पाहिला त्यांतल्या एका माहितीपटकाराचं मत असं की चित्रपट अतिशय देखणा होता, पण आतून रिकामा. हा दोष नटीचा की दिग्दर्शकाचा? एडनाचं अपयश म्हणून जी गोष्ट पुस्तकांतून फिरत आली आहे ती दुसऱ्यांच्या सांगण्यावर उभी आहे. तपासून बघायला चित्रपटच उरला नाही. उरली आहेत ती काही छायाचित्रं. हा अन्याय मला निगेटिव्ह जळण्यापेक्षाही मोठा वाटतो.

१९२७ मध्ये तिने फ्रान्समध्ये एक चित्रपट केला आणि तिची कारकीर्द थांबली. १९३८ मध्ये तिने एका वैमानिकाशी लग्न केलं. तो १९४५ मध्ये वारला. चॅप्लिनच्या ‘मस्यू वेर्दू’ (१९४७) साठी तिची चाचणी झाली, भूमिका दुसरीला मिळाली. ‘लाइमलाइट’ (१९५२) च्या गर्दीत ती दिसते की नाही, यावर चाहते अजून वाद घालतात. चॅप्लिनच्या कंपनीचा पगार मात्र तिला शेवटपर्यंत मिळत राहिला. काही जण याला औदार्य म्हणतात, काही जण अपराधी मनाची भरपाई. इतकी वर्षं न चुकता पगार देणाऱ्याला केवळ कंजूष किंवा स्वार्थी ठरवता येणार नाही, हे नक्की.

जानेवारी १९५८ मध्ये ती कॅन्सरने गेली. ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ तोवर कित्येक वर्षं कुठेच दाखवला गेला नव्हता. १९७६ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, चॅप्लिनने त्याला नवं संगीत दिलं. त्याचं ते शेवटचं काम. स्टेशनवरचा तो सरकता उजेड आणि एडनाचा चेहरा लोकांना पुन्हा पाहायला मिळाला, तेव्हा तिला जाऊन अठरा वर्षं झाली होती.