हिर्टा

हिर्टा : स्कॉटलंडच्या सेंट किल्डा द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट व त्यावरील निर्मनुष्य झालेली वसाहत. क्षेत्रफळ सु. ६.७ चौ. किमी. बेट अटलांटिकमध्ये, नॉर्थ यूइस्ट बेटाच्या पश्चिमेस सु. ६५ किमी.वर आहे. वस्ती किमान दोन हजार वर्षांची मानतात.

गेलिकभाषक रहिवाशांचे पोट समुद्रपक्ष्यांवर चाले. पुरुष दोराने कड्यांवरून उतरून फुल्मर व गॅनेट पकडत. बेटाचे जमीनमालक असलेल्या डन्व्हेगनच्या मॅक्लाउडांचा खंडही पिसे व तेल यांच्या रूपाने भरला जाई. मारलेले पक्षी क्लीटमध्ये वाळवत. बिनचुन्याच्या दगडी भिंती आणि वर गवताळ मातीचे छप्पर अशी ही कोठी. फटींतून वारा खेळे, पाऊस मात्र आत येत नसे. हिर्ट्यावर अशा बाराशेंहून अधिक कोठ्या आहेत.

प्रवासी लेखक मार्टिन मार्टिनने १६९७ च्या भेटीत सु. १८० लोक नोंदविले. १७२७ च्या देवीच्या साथीत गाव जवळजवळ ओस पडले. पक्ष्यांसाठी स्टॅक ॲन आर्मिन या सुळक्यावर गेलेले ३ पुरुष व ८ मुलगे, न्यायला नाव न आल्याने, पुढच्या मे महिन्यापर्यंत तेथेच अडकले व त्यामुळेच वाचले. पुढे हॅरिस बेटावरून माणसे आणून वस्ती पुन्हा उभी केली.

एकोणिसाव्या शतकात पुष्कळ नवजात अर्भके आठवड्याभरात दगावत. हा धनुर्वात होता, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो जंतू कोठून आले याविषयी. सुईण नाळेला फुल्मरचे तेल लावी व तेच दूषित असे, हे मत लोकप्रिय आहे. परंतु त्याला समकालीन पुरावा तुटपुंजा आहे. हिवाळ्यात गुरे घरातच असत आणि शेण-राखेचे थर खतासाठी जमिनीवर साठू दिले जात. धनुर्वाताचे बीजाणू शेणामातीत आढळतात व हा रोग लूइस बेटावरही होता, हे पाहता जंतू शेणामातीतून आले हे दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. धर्मोपदेशक अँगस फिडिस यांनी १८९० नंतर जंतुनाशक पद्धती रुजविल्यावर हे मृत्यू थांबले.

तरुण बाहेर पडत गेले. अखेर रहिवाशांच्याच विनंतीवरून २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले ३६ जण हेअरबेल या नौकेने मुख्य भूमीवर नेण्यात आले. बेटावर एकही झाड नसताना पुष्कळांना काम मिळाले ते वनखात्यात! १९५७ पासून बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. तेथे लष्करी रडारकेंद्रही आहे. युनेस्कोने १९८६ मध्ये नैसर्गिक व २००५ मध्ये मिश्र जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून आणलेल्या १०७ मेंढ्यांच्या वंशजांचा १९८५ पासून सलग जीवशास्त्रीय अभ्यास चालू आहे.