इंडो-जॅझ

इंडो-जॅझ : जॅझ वादक आणि भारतीय रागसंगीताचे कलावंत यांनी एकत्र बसून घडवलेली वादनशैली. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिस आणि लंडन येथे तिला आकार आला. तिचे नाव लंडनचे.

दोन्हीकडे ऐन वेळी सुचलेल्या विस्ताराला मान आहे, त्यामुळे ही जोडी सहज जमली असेल असे वाटते. तसे ते नव्हते. जॅझच्या जुन्या रचनांत कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह) सतत बदलत जातात आणि वादक त्या बदलांवरून आपली सुरावट विणतो. रागात तानपुऱ्याचा षड्ज (सा) अढळ असतो. खालची कॉर्ड बदलली की ऐकणाऱ्याला षड्जच सरकल्यासारखा वाटतो, आणि मग वादी-संवादीला (रागातला प्रमुख स्वर व त्याचा जोडीदार) किंवा न्यासाच्या, म्हणजे सुरावट जिथे विसावते त्या, स्वराला काही अर्थ उरत नाही. पियानोची अडचण आणखी निराळी : त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही. ही कोंडी फोडली ती जॅझमधल्याच एका बदलाने. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आदींनी कॉर्डची गर्दी कमी करून एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ रेंगाळणारे मोडल जॅझ रूढ केले. त्यातली डोरियन सप्तके काफी थाटाशी (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठीचा स्वरसंच), मिक्सोलिडियन खमाजाशी जुळतात. थाट म्हणजे राग नव्हे, हे विसरल्यामुळे पुढे बरेच पुचाट संगीतही निपजले, ही गोष्ट वेगळी.

कोल्ट्रेनने नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात ‘इंडिया’ ही रचना वाजवली. रविशंकरांविषयी त्याला इतका आदर होता की १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. मात्र दोघांचे एकत्र ध्वनिमुद्रण कधीच झाले नाही. रविशंकरांनी जॅझ वादकांना सोबत घेतले ते ‘इम्प्रोव्हायझेशन्स’ (१९६२) या तबकडीत. तीत बड शँक बासरीवर होता. १९६८ मध्ये तबलावादक अल्लारखाँ आणि ड्रमवादक बडी रिच यांची तबकडी आली. स्वरांपेक्षा लयीच्या अंगाने ही मंडळी लवकर एकमेकांजवळ आली, असे या सगळ्या काळाबद्दल म्हणता येते. आवर्तनाचा (तालाच्या पूर्ण फेऱ्याचा) हिशेब, समेवर (पहिल्या मात्रेवर) येणे, तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेला मिळणे) या गोष्टी ड्रमवादकाला समजावून सांगाव्या लागल्या तरी परक्या वाटत नव्हत्या.

लंडनमध्ये वाट वेगळी होती. कोलकात्यात जन्मलेला व्हायोलिनवादक-संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचा आल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी जॅझचे पाच आणि भारतीय वाद्यांचे पाच असा दहा जणांचा ताफा उभा केला. ‘इंडो-जॅझ स्वीट’ १९६६ मध्ये निघाली, पाठोपाठ ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’. मेयर रागाची सुरावट आणि तालाची मात्रासंख्या कागदावर लिहून देई. त्या चौकटीत हॅरियट आपले वादन करी. परिणामी संगीत नीटस पण काहीसे बांधलेले ऐकू येते. तबल्यावर होते मुंबईचे केशव साठे. १९६७ मध्ये जर्मनीत निघालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या तबकडीतही तेच आहेत. महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट.

कागद बाजूला पडला तो ‘शक्ति’ या गटात. ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्‌लॉफ्लिनने अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते. त्याच्यासाठी खास गिटार बनवली गेली : पडद्यांमधली जागा खोलगट कोरलेली, म्हणजे तार ओढून मींड काढता यावी, आणि आडव्या बसवलेल्या सात तरफांच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा. व्हायोलिनला एल. शंकर, तबल्याला झाकीर हुसेन, घटमला (मातीच्या घड्याच्या तालवाद्याला) टी. एच. विनायकराम. पहिली तबकडी १९७५ मधल्या एका मैफलीची, प्रकाशन १९७६ चे. ड्रमसेट नाही, पियानो नाही. कॉर्डची बदलती माळ जवळजवळ सोडून दिल्यामुळे षड्जाचा प्रश्नच उरला नाही. शिवाय झाकीर हुसेन यांचा माहीमचा तबला आणि दक्षिणेचा घटम यांचा जो सवाल-जवाब इथे होतो तो हिंदुस्थानी आणि कर्नाटक पद्धतींचाही मिलाफ आहे. जॅझच्या गडबडीत याकडे दुर्लक्ष होते.

मुंबईची कथा चमत्कारिक आहे. १९३०च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होते, गोव्याचे वादक त्यात तरबेज झाले होते. चिक चॉकलेटसारखा ट्रम्पेटवादक चित्रपटसंगीतकार सी. रामचंद्रांच्या ताफ्यात होता. म्हणजे सतारिये आणि ट्रम्पेटवाले एकाच स्टुडिओत शेजारी बसत, पण वाजवत ते लिहून दिलेले नोटेशन आणि तेही तीन-चार मिनिटांच्या गाण्यापुरते. समोरासमोर बसून रंगवायला मंच मिळाला तो १९७८ मध्ये, निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाने. धोबीतलावच्या रंगभवनात अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेला. पियानोवादक लुई बँक्स, सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी कर्नाटक गायिका रमामणी यांच्याबरोबर प्रयोग केले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनातल्या मैफली थांबल्या.

कंठसंगीताला या शैलीत जागा उशिरा आणि कमी मिळाली. रमामणी यांनी सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानोबरोबर गायलेली ‘ज्योती’ (१९८३) हा चांगला अपवाद. दुसरा, मुंबईकर तालवादक त्रिलोक गुर्टूची १९८०च्या दशकाअखेरची ‘उस्फ्रेट’ : तीत त्याची आई, ठुमरीगायिका शोभा गुर्टू, डॉन चेरीच्या ट्रम्पेटबरोबर गाते. १९९७ नंतर नव्या रूपातल्या ‘शक्ति’त शंकर महादेवन आले आणि गायन गटाचा कायमचा भाग झाले. या गटाच्या ‘धिस मोमेंट’ (२०२३) या संग्रहाला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाले. तरी ख्यालाची संथ बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) आणि जॅझ यांचा मेळ अजून कोणी नीट घातलेला नाही. विलंबित, म्हणजे अतिसंथ लयीतल्या, एकतालाच्या आवर्तनात ड्रमवादकाने करायचे काय, हा प्रश्न तसाच आहे.