लहान शहराचं पाणी आणि सांडपाणी

लहान शहराची पाणीपुरवठा आणि सांडपाणी व्यवस्था म्हणजे नदी किंवा धरणातून पाणी उचलणं, शुद्ध करणं, घराघरात पोचवणं आणि वापरलेलं पाणी परत गोळा करून प्रक्रिया करून सोडणं. कागदावर हे एक अखंड चक्र असतं, पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच नगरपालिकांमध्ये पहिला अर्धा भाग कसाबसा चालू असतो आणि दुसरा अर्धा नाल्याच्या भरवशावर सोडलेला असतो. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा पालिकांचा विषय केला. योजना मात्र बहुतेक वेळा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण हे राज्य सरकारचं पाणीखातं आखतं, पैसा राज्य-केंद्राकडून येतो, आणि एकदा उद्घाटन झालं की चालवायची पालिकेने, तीही अपुऱ्या स्टाफवर.

हिशेब सोपा आहे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे ५० हजार वस्तीला रोज साडेसदुसष्ट लाख लिटर. यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे ५४ लाख लिटर. नळाला जादा पाणी मिळालं की गटारालाही जादा पाणी येणारच, तरी पाण्याची योजना आधी मंजूर होते आणि गटाराची दहा-पंधरा वर्षांनी, हे आपल्याकडे नेहमीचंच.

पाण्याचा प्रवास असा: जॅकवेल म्हणजे नदी-धरणाकाठच्या विहिरीतून पंपाने उपसा, शुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा पीएसी हे तसंच रसायन टाकून गाळ खाली बसवणं, वाळूच्या फिल्टरमधून गाळणं, क्लोरीन, मग उंच टाक्या आणि तिथून वॉलमन, म्हणजे व्हॉल्व उघडणारा पालिकेचा माणूस, ठरलेल्या वेळी चावी फिरवून एकेका भागाला पाणी सोडतो. कुठल्या गल्लीत प्रेशर येत नाही, कुठला जुना व्हॉल्व डांबराखाली गेलाय, हे बऱ्याचदा फक्त त्यालाच माहीत असतं, नकाशा असलाच तर जुना आणि अर्धवट, त्यामुळे तो रिटायर झाला की पालिकेची निम्मी माहिती घरी जाते. पाण्याची रोजची साधी तपासणी म्हणजे ओटी टेस्ट, छोट्या नळीत नळाचं पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळसर रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळालाही लिटरला निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरायला हवं, म्हणून नमुना टाकीजवळचा न घेता गल्लीच्या टोकाचा घ्यावा.

खरी भानगड तासभर पाणी सोडण्याच्या पद्धतीतच आहे. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि घराघरांची कनेक्शनं गटाराच्या कडेने, कधी कधी थेट गटारातूनच गेलेली असल्यामुळे जिथे भोक तिथून घाण आत शिरते. त्यात लोक नळाला मोटार लावून पाणी खेचतात, मग तर विचारायलाच नको. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती. अशा साथीत शुद्धीकरण केंद्राइतकंच जमिनीखालच्या पाइपांकडेही बघावं लागतं, कारण केंद्रातून पाणी चांगलं निघूनही वाटेत बिघडू शकतं.

यावर उलट्या दिशेने गेलेलं गाव म्हणजे कराडला लागून असलेलं मलकापूर. तिथल्या नगरपंचायतीने २००९ च्या सुमारास कोयनेचं पाणी चोवीस तास द्यायला सुरुवात केली, जोड न गळणारे एचडीपीई प्लास्टिकचे पाइप टाकले, प्रत्येक नळाला मीटर बसवला आणि जास्त वापराला चढा दर लावला. चोवीस तास पाणी म्हणजे नासाडी, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात उद्याची खात्री असली की कोणी पिंप भरून ठेवत नाही आणि सकाळी 'शिळं' पाणी ओतूनही देत नाही. मीटरला विरोध बहुतेक गावांत होतो, नगरसेवकांना तो परवडत नाही, पण ठोक पाणीपट्टीत एका बादलीचं आणि रोज गाडी धुणाऱ्याचं बिल सारखंच येतं हे कसं काय चालतं, देव जाणे.

सुधारणा करायची तर नवीन टाकी हे पहिलं काम नाही, पहिलं काम मोजणं. किती उचललं, किती सोडलं, किती पाण्याचं बिल झालं. हे मुख्य पाइपांवर मोठे, म्हणजे बल्क मीटर बसवल्याशिवाय कळत नाही आणि बिनहिशेबी पाणी किती आहे हे न बघता क्षमता वाढवली तर गळतीही वाढते. दुसरं पंपांचं, लाईट बिल हा पालिकेचा सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक असतो आणि झिजलेला पंप तेच पाणी जास्त युनिट खाऊन उचलतो. अशा कामांना पैसा देणारी केंद्राची अमृत योजना २०१५ ला आली तेव्हा मुख्यतः लाखावरच्या शहरांपुरती होती, लहान गावांना खरी दारं २०२१ च्या अमृत २.० ने उघडली.

सांडपाण्यात एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, बांधणं त्यातल्या त्यात सोपं. घर ते रस्त्यावरचं गटाराचं चेंबर ही जोडणी कोणी करायची यावर घोडं अडतं, घरमालक खर्च करत नाही, ठेकेदाराच्या कामात ती नसते, आणि प्लांटला पाणीच कमी पोचतं. ज्या गावांत भुयारी गटार लवकर होणार नाही तिथे सेप्टिक टँकचा मैलागाळ नीट उपसणं हा व्यवहार्य मार्ग आहे. वाई आणि सिन्नरने तेच केलं: टँक तुंबून बोंब होईपर्यंत न थांबता ठरलेल्या क्रमाने दर तीन वर्षांनी प्रत्येक टँक उपसायचा, खर्च करातून, आणि गाळ वेगळ्या प्रक्रिया केंद्रात. त्याआधी मैला उपसणारी गाडी फोन केला की यायची. उपसा यंत्रानेच व्हायला हवा, सुरक्षा साधनांशिवाय टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आत साचलेल्या गॅसने माणसं मरतात तरी अजून उतरवतात.