आजारी बेडूक दवाखान्यात आणण्याआधी

बेडूक खात नाही, पोटाखाली लाली आली आहे, अंग फुगले आहे, पाय ओढतोय. अशा प्रत्येक फोनच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो: "तोपर्यंत काय लावू?" काहीही लावू नका. हे माहितीपत्रक मुख्यतः एवढ्यासाठीच छापले आहे.

बेडूक पाणी तोंडाने पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूच्या आणि मांड्यांच्या आतल्या कातडीतून ते शोषतो, श्वसनाचाही बराच भाग कातडीतूनच चालतो. त्यामुळे कुत्र्या-मांजराच्या जखमेवर चालणारे मलम बेडकाला लावणे म्हणजे ते न मोजता पोटात देण्यासारखेच. तेलकट मलमाने कातडी बुजते. जंतुनाशक द्रव आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेभोवतीची चांगली कातडीही जाळतात. ठणका थांबवणाऱ्या काही मलमांत बेन्झोकेन असते. बेडकाला भूल देण्यासाठी हेच औषध वापरतात, आणि मात्रा जास्त झाली तर तो पुन्हा उठत नाही.

आमचा सर्वाधिक वेळही या मलमांपायीच जातो. आधी ते धुऊन काढायचे, मग त्याखाली मूळची लाली किती आणि मलमाने आलेली किती याचा अंदाज बांधत बसायचे. बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीच्या तपासणीसाठी पोट, मांड्या आणि बोटांमधल्या पडद्यांवरून बोळा फिरवून नमुना घेतात. बुरशीनाशक आधीच लावलेले असेल तर बुरशी असूनही अहवालात ती न दिसण्याची शक्यता असते. मग तपासणी पुन्हा करावी लागते आणि खर्चही पुन्हा तुमचाच.

लावायचे नाही, मग करायचे काय? बेडकाला वेगळ्या डब्यात ठेवा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा पुरतो. छिद्रे आतून बाहेर पाडा, म्हणजे धारदार कडा बाहेर राहतात आणि नाक घासत नाही. तळाशी बिनछपाईचा, बिनसुगंधी टिश्यू पेपर दोन-तीन पदरी घाला. तो ओला असावा पण पाणी टिपकत नसावे, आणि रोज बदलावा. एका कोपऱ्यात लपायला आडोसा ठेवा. पाण्याची थाळी इतकी उथळ हवी की बसल्यावर पाणी हनुवटीच्या खालीच राहील. अशक्त बेडूक बुडतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. डब्यात जिवंत किडे सोडून ठेवू नका. रातकिडे दुबळ्या बेडकालाच कुरतडतात.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर. नळाचे पाणी 24 तास उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामाइन तसाच राहतो. म्हणून तो निकामी करणाऱ्या वॉटर कंडिशनरचे थेंब घालाच. डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी शुद्ध असले तरी आजारी बेडकासाठी नको, त्यात अंगातले क्षार कातडीवाटे बाहेर जातात. कोमट पाणीही नको. आपल्या हाताला कोमट लागते ते बहुतेक बेडकांना फार गरम असते, तेव्हा थर्मामीटर वापरा.

फुगलेल्या बेडकाला डॉक्टर बहुधा रिंगर द्रावणात बसवायला सांगतात. प्रमाण लपवण्यासारखे नाही: 1 लिटर पाण्यात 6.6 ग्रॅम सोडियम क्लोराइड, 0.15 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 0.15 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि 0.2 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. पण 0.15 ग्रॅम घरच्या वजनकाट्यावर मोजता येत नाही, म्हणून आम्ही 1 लिटरच्या मोजलेल्या पुड्या ठेवतो. द्रावण रोज ताजे करायचे आणि डॉक्टर सांगतील तितकेच दिवस वापरायचे.

काही तक्रारींत मात्र त्याच दिवशी या. मांड्यांखाली लाली दिसली, पाठीवर ठेवल्यावर बेडूक उलटून सरळ होत नसेल, हाड मोडले असेल, किंवा गुदद्वारातून आतडे बाहेर आले असेल तर थांबू नका. आतडे आत ढकलू नका, नुसते ओले ठेवा. हाड मोडल्यावर "उडी मारताना पडला" असे सांगतात, पण कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी3 अभावी हाडे आधीच मऊ झालेली असू शकतात. म्हणून आम्ही एक्स-रे काढायला सांगतो. याउलट, एरवी धडधाकट असलेला मोठा बेडूक दोन-चार दिवस जेवला नाही तर घाबरू नका, पण वजन करा. 30 ग्रॅमचा बेडूक 27 वर आला म्हणजे दहा टक्के घट झाली, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

"एवढे लांबून आणले आणि डॉक्टरांनी पाठीवर नुसता थेंब टाकला" ही तक्रारही आमच्या कानावर येते. बरीचशी औषधे बेडकाला तशीच देतात, कारण कातडी ती शोषते. मेहनत थेंब टाकण्यात नाही, तो वजनानुसार मोजण्यात आहे. प्रत्येक बेडकासाठी हातमोजे नवे घेतो, तेही पावडर नसलेले आणि पाण्याने ओले केलेले. बिलात त्यांची वेगळी ओळ असते ती यामुळे.

येताना बेडूक ओल्या पेपरवर ठेवून आणा, पाण्यात नको. सोबत टाकीचा फोटो, तिथले तापमान, पाण्यात काय घालता त्याची बाटली आणि ताजी विष्ठा ओल्या पेपरात, बंद डबीत आणा. त्याच टाकीतले इतर बेडूक ठणठणीत वाटले तरी वेगवेगळ्या डब्यांत आणा. जुन्या टाकीतले पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. कायट्रिड पाण्यातून पसरतो. निघण्याआधी फोन करून बेडकाची जात सांगितलीत, तर तुम्ही पोहोचेपर्यंत योग्य तापमानाचे पाणी तयार ठेवता येते.